पोटांतील रक्तप्रवाह आणि चुंबकाची साक्ष

भूक लागते, पण जेवणाची भीति वाटते, असा एक रोगी वैद्यकाच्या इतिहासांत पुनःपुन्हां भेटतो. वय बहुधा साठीच्या पुढें. पुष्कळदां तंबाखूची किंवा विडीची जुनी संवय. पानावरून उठून अर्धा तास होतो न होतो तोंच बेंबीच्या आसपास कळ सुरू होते, ती तास दोन तास टिकते आणि आपोआप ओसरते. पुढच्या वेळीं तो अर्धेंच जेवतो, मग पाव. आणि सहा महिन्यांत त्याचे कपडे अंगावर लोंबूं लागतात. घरचीं माणसें कर्करोगाच्या शंकेनें घाबरतात. पोट चांचपून पाहणाऱ्या डॉक्टराला कांहींच सांपडत नाहीं, आणि नेहमींच्या तपासण्या निर्दोष आल्या म्हणजे मनाचें दुखणें असा शिक्का त्याच्यावर बसतो. मी 'तो' म्हणालों, परंतु या रोगांत स्त्रियांचेंच प्रमाण अधिक आढळतें. आणि घरांतल्या बाईनें दोन घांस कमी खाल्ले तर तें आपल्याकडे कोणाच्या नजरेंतहि भरत नाहीं.

श्रोतेहो, या रोग्याची कळ खरी आहे, ती रक्ताच्या टंचाईमुळें उठते, हें प्रत्यक्ष मोजून दाखविण्यासाठीं शास्त्रज्ञांना फार लांबचा रस्ता चालावा लागला. त्या रस्त्याच्या एका टोंकाला शवविच्छेदनाचें टेबल आहे, आणि दुसऱ्या टोंकाला, ज्याला आपण सर्वजण एम. आर. आय. म्हणतों तें चुंबकीय अनुस्पंदनाचें यंत्र आहे. आज त्या रस्त्याची हकीकत सांगावयाची आहे.

प्रथम थोडी शरीररचना. हृदयापासून निघालेली महारोहिणी पाठीच्या कण्यापुढून खालीं उतरते. तिच्यापासून पचनेंद्रियांना रक्त नेणाऱ्या मोठ्या रोहिण्या तीनच फुटतात. वरची जठर, यकृत व प्लीहा यांना पोसते. मधली सारें लहान आंतडें व मोठ्या आंतड्याचा जवळजवळ अर्धा भाग सांभाळते. खालची उरलेल्या भागाला पुरते. यांत मधली सर्वांत महत्त्वाची. ज्यांनीं पाटाच्या पाण्यावर बागाईत केलें आहे त्यांना ही रचना सहज समजेल. पाट तीन, आणि त्यांना एकमेकांशीं जोडणाऱ्या लहान लहान चाऱ्या. एक पाट हळूहळू गाळानें भरला तर शेजारच्या पाटाचें पाणी चाऱ्यांतून वळतें, चाऱ्या रुंदावतात व शेत वाळत नाहीं. परंतु मुख्य पाटावर एकाएकीं दरड कोसळली तर चाऱ्या रुंदावण्याला वेळच मिळत नाहीं. हृदयांतून सुटलेली रक्ताची गुठळी मधल्या रोहिणींत येऊन अडकली, कीं अवघ्या कांहीं तासांत आंतडें मरूं लागतें. तो या रोगाचा तीव्र प्रकार. हळूहळू गाळ सांचण्याचा तो जुनाट प्रकार. आरंभीं सांगितलेला रोगी त्यांतला.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. उपाशी पोटीं हृदयांतून निघणाऱ्या रक्ताचा सुमारें पांचवा हिस्सा पचनेंद्रियांकडे जातो. जेवणानंतर मधल्या रोहिणींतील प्रवाह दुपटीनें, कधीं त्याहूनहि अधिक वाढतो. तेव्हां रोहिणी अरुंद झाली आहे काय, एवढाच प्रश्न पुरेसा नाहीं. अरुंद रोहिणी घेऊन सुखानें जेवणारे म्हातारे पुष्कळ असतात; त्यांच्या चाऱ्या चांगल्या वाहतात. खरा प्रश्न असा, कीं जेवणानंतर आंतड्याची जी मागणी वाढते ती पुरी होते कीं नाहीं? पुढील सर्व इतिहास या प्रश्नाचा आहे, असें मला वाटतें.

रक्ताची गुठळी एका ठिकाणीं सुटून दुसऱ्या ठिकाणीं अडकते, हें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनीच्या रुडॉल्फ फिर्खो यानें सिद्ध केलें. परंतु त्या ज्ञानाचा उपयोग रोग्याला नव्हता; निदान होई तें मरणानंतर. इ. स. १८९५ मध्यें बोस्टन येथील शल्यवैद्य एलियट यानें रक्ताविना मेलेला आंतड्याचा भाग कापून रोगी वांचविल्याची हकीकत प्रसिद्ध केली. तरीहि इ. स. १९२६ मध्यें लंडनमध्यें कॉक्किनिस यानें या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तेव्हां त्याला अशी नोंद करावी लागली, कीं हा रोग ओळखतां येत नाहीं आणि ओळखला तरी हातीं कांहीं लागत नाहीं, असेंच वैद्यमंडळी धरून चालतात. तें वाक्य पुढें फार गाजलें. निराशेचीं वाक्यें गाजतात तशीं कष्टाचीं टिपणें गाजत नाहींत.

तसें एक टिपण इ. स. १९३६ मध्यें बोस्टनच्याच डन्फी नांवाच्या तरुण शल्यवैद्यानें प्रसिद्ध केलें. आंतडें रक्ताविना मरून दगावलेल्या बारा रोग्यांचे जुने कागद त्यानें पुन्हां वाचले. त्यांपैकीं सातजणांना मरणापूर्वीं कित्येक आठवडे, महिने किंवा वर्षें पोटदुखीचा त्रास होता. म्हणजे शरीर आधींपासून हांका मारीत होतें. त्या हांका ज्याला ऐकूं येतील त्याला रोगी वांचवितां येईल, हा डन्फीच्या टिपणाचा अर्थ. परंतु त्या ऐकाव्या कशानें, याचें उत्तर त्याच्यापाशीं नव्हतें.

योगायोग असा, कीं त्याच इ. स. १९३६ सालीं अमेरिकेच्या दुसऱ्या टोंकाला, कॅलिफोर्नियांत, एक उत्तर छापून निघालें होतें. तें कोणत्या प्रश्नाचें उत्तर आहे हें मात्र त्या वेळीं कोणालाच ठाऊक नव्हतें. त्याची कथा मागून सुरू केली पाहिजे.

मी शाळेंत विज्ञान शिकवीत असतांना लोहचुंबकाचा धडा आला, कीं एखादा चुणचुणीत मुलगा हटकून विचारी, "गुरुजी, रक्तांत लोह असतें ना? मग चुंबक माणसाला कां ओढीत नाहीं?" प्रश्न पोरकट नव्हे. मायकेल फॅरडेसारख्या महापुरुषालाहि तो पडला होता. इ. स. १८४५ च्या नोव्हेंबरांत पदार्थांचे चुंबकीय धर्म तपासतांना त्यानें वाळलेलें रक्तहि चुंबकापुढें धरून पाहिलें, आणि ताजें, प्रवाही रक्त तपासून पाहिलें पाहिजे अशी आठवण आपल्या रोजनिशींत टिपून ठेविली. नव्वद वर्षांनंतर, इ. स. १९३६ मध्यें, लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनीं तो प्रयोग पुरा केला. त्यांना असें आढळलें, कीं प्राणवायूनें भरलेलें हिमोग्लोबिन चुंबकाकडे ओढलें जात नाहीं, उलट किंचित् दूरच सरतें. पण तेंच हिमोग्लोबिन प्राणवायु देऊन मोकळें झालें, कीं चुंबकाकडे ओढलें जाऊं लागतें. म्हणजे रोहिणींतील लाल रक्त आणि नीलेंतील काळसर रक्त यांत केवळ रंगाचाच भेद नाहीं, चुंबकीय धर्माचाहि आहे. फॅरडेनें तेव्हांच ताजें रक्त घेतलें असतें तर हा शोध त्याच्याच नांवावर लागता.

डन्फीचें टिपण आणि पॉलिंगचा निबंध हीं दोन्हीं एकाच वर्षाचीं अपत्यें एकमेकांना भेटण्याला साठ वर्षें लागलीं. मधल्या काळांत पुष्कळ कांहीं घडलें.

क्ष-किरणांच्या शाखेनें पहिली आघाडी मारली. पोर्तुगालच्या एगास मोनिशनें इ. स. १९२७ मध्यें मेंदूच्या रोहिण्यांत औषध सोडून त्यांचीं छायाचित्रें घेतलीं. त्याच्याच देशबांधवानें, रेनाल्डो दुश सांतुशनें, इ. स. १९२९ मध्यें महारोहिणीचें चित्र काढलें, आणि इ. स. १९५३ मध्यें स्वीडनच्या सेल्डिंगर यानें सुईवाटे तार व तारेवरून नळी रोहिणींत सरकविण्याची जी युक्ति काढली ती आजतागायत चालूं आहे. शस्त्रक्रियाहि पुढें सरकली. इ. स. १९५१ मध्यें क्लास या कॅनडांतील शल्यवैद्यानें आंतडें न कापतां रोहिणींतील गुठळीच काढून प्रवाह मोकळा केला, इ. स. १९५८ मध्यें शॉ व मेनार्ड यांनीं जुनाट गाळ खरवडून काढला. पुढें इ. स. १९८० मध्यें झुरिकच्या ग्रुंटसिग आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं पोट न उघडतां फुग्यानें ही रोहिणी रुंद केल्याचें जाहीर केलें. इलाज अशा रीतीनें हातीं आला. अडचण राहिली ती इलाज कोणावर करावा याची. क्ष-किरणाचें छायाचित्र पाट किती अरुंद आहे तें दाखवितें. शेताला पाणी पुरतें कीं नाहीं तें दाखवीत नाहीं.

आतां चुंबकाकडे वळूं. इ. स. १९४६ मध्यें स्टॅन्फर्ड येथें फेलिक्स ब्लॉख व हार्वर्ड येथें एडवर्ड पर्सेल यांनीं स्वतंत्रपणें एक घटना नोंदविली. पाण्यांतील हायड्रोजनचे अणुगर्भ प्रबळ चुंबकीय क्षेत्रांत भोंवऱ्यासारखे डुलतात, आणि त्यांच्या डुलण्याच्या ठेक्याशीं जुळणारी रेडिओ-लहर त्यांवर सोडली तर ते ती शोषून घेतात व मग स्वतःच तसा संदेश परत देतात. ज्या लहरींवरून माझा आवाज या क्षणीं आपल्या घरीं पोंचतो आहे, त्यांच्याच कुळांतली ती लहर. या शोधासाठीं दोघांना इ. स. १९५२ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

यापुढचें पाऊल आपल्या देशांत पडलें, आणि तें आपल्या पाठ्यपुस्तकांत नाहीं याचें मला वाईट वाटतें. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत जी. सूर्यन यांनीं असा प्रश्न विचारला, कीं नळींतलें पाणी स्थिर न ठेवतां वाहतें केलें तर या संदेशाचें काय होईल? स्थिर पाण्यावर लहरींचा मारा चालू ठेवला तर अणुगर्भ जणूं थकतात आणि संदेश क्षीण होतो. वाहत्या पाण्यांत मात्र थकलेले पुढें निघून जातात, ताजे त्यांच्या जागीं येतात, व संदेश वाढतो. इ. स. १९५१ मध्यें हें निरीक्षण भारतीय विज्ञान अकादमीच्या वृत्तांतांत प्रसिद्ध झालें. प्रवाहाची खूण चुंबकीय संदेशांत उमटते हें दाखविणारा तो आरंभींचा प्रयोग होय. इ. स. १९५९ मध्यें अमेरिकेंत जे सिंगर यानें उंदराच्या शेंपटींतील रक्ताची गति या मार्गानें मोजली, आणि इ. स. १९६० मध्यें अर्विन हान यानें समुद्राच्या पाण्याची हालचाल मोजण्याची कल्पना मांडली. आंतड्याच्या रोग्याचें नांव यांपैकीं कोणाच्याहि मनांत नव्हतें.

संदेशापासून चित्र कसें काढावें तें इ. स. १९७३ मध्यें पॉल लॉटरबर यानें दाखविलें; तो निबंध 'नेचर' नियतकालिकानें प्रथम नाकारला होता. इंग्लंडांत पीटर मॅन्सफील्डनें चित्रणाची गति वाढविली. इ. स. २००३ चें वैद्यकाचें नोबेल या दोघांना मिळालें, आणि ज्याला मिळालें नाहीं त्या रेमंड डामाडियननें वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध केला. तो वाद येथें उकरण्याचें कारण नाहीं.

मेंदू आणि गुडघा हीं या यंत्राचीं आवडतीं गिऱ्हाइकें, कारण तीं स्वस्थ पडून राहतात. पोटांत मात्र स्वस्थता कसली ती नाहीं. श्वासाबरोबर यकृत वरखालीं होतें, रोहिण्या ठोक्याठोक्याला उसळतात, आणि आंतडें तर सर्पासारखें सदा वळवळतें. त्यामुळें पोटांतील चित्रें कित्येक वर्षें धुक्यांतल्यासारखीं येत. रोग्याला पंधरावीस सेकंद श्वास रोखावयास लावणें, आंतड्याची वळवळ थोडा वेळ थांबविणारें औषध टोंचणें, हृदयाच्या ठोक्याशीं चित्रणाचा मेळ घालणें, अशा एकेक युक्तीनें हें धुकें विरलें. इ. स. १९९३ च्या सुमारास मार्टिन प्रिन्स व त्याच्या सहकाऱ्यांनीं गॅडोलिनियम धातूचें संयुग शिरेंत टोंचून महारोहिणीचें व तिच्या फांद्यांचें स्पष्ट चुंबकीय चित्र काढण्याची रीत दिली. रोहिणींत नळी घालावी लागत नाहीं, क्ष-किरणांचा स्पर्श नाहीं. तिन्ही पाटांचीं तोंडें स्वच्छ दिसतात. दूरच्या बारीक फांद्या मात्र तितक्या स्पष्ट येत नाहींत, हीहि गोष्ट सांगितली पाहिजे. शिवाय ज्यांचे मूत्रपिंड फार बिघडले आहेत अशा रोग्यांत गॅडोलिनियमच्या कांहीं संयुगांमुळें कातडी ताठरण्याचा भयंकर विकार होतो, असा संबंध इ. स. २००६ मध्यें उघडकीस आला, व तेव्हांपासून त्यांचा वापर जपून होऊं लागला.

पण हेंहि पाटाचेंच चित्र झालें. पाणी मोजण्याची युक्ति वेगळी, व ती मला फार सुंदर वाटते. पटांगणांत मुलें एका ठेक्यावर लेझीम खेळत आहेत असें समजा. एका टोंकाचा ठेका क्षणभर जलद केला, आणि लगेच उलट करून तेवढाच संथ केला. जीं मुलें जागच्या जागीं होतीं तीं जेवढीं पुढें गेलीं तेवढींच मागें आलीं. पुन्हां सर्वांच्या बरोबर. पण मधल्या वेळांत जो मुलगा पटांगणांतून चालत गेला, त्याला एका जागीं एक ठेका मिळाला व दुसऱ्या जागीं दुसरा. तो सर्वांशीं विसंगत राहतो. जितका वेगानें चालला तितका अधिक विसंगत. रक्तांतील अणुगर्भांची ही विसंगति मोजली, कीं रक्ताचा वेग निघतो; वेगाला वाहिनीच्या छेदानें गुणलें, कीं दर मिनिटास किती रक्त वाहिलें तें कळतें. ही रीत १९८० नंतरच्या दहा वर्षांत पक्की झाली.

आणि शेवटीं, इ. स. १९९५ मध्यें, स्टॅन्फर्ड येथें किंग ली व त्याच्या सहकाऱ्यांनीं ती जेवणाच्या प्रश्नाला लावली. माणसाला उपाशी पोटीं यंत्रांत घालावें, आंतड्याकडे जाणाऱ्या रोहिणींतील व तेथून परतणाऱ्या नीलेंतील प्रवाह मोजावा. मग ठराविक पोषक पेय पाजावें आणि पुन्हां मोजावें. निरोगी माणसांत प्रवाह जोरानें वाढतो. रोग्यांत ती वाढ खुंटलेली असते. त्याच वर्षीं अमेरिकेंतील दुसऱ्या एका शास्त्रज्ञगटानेंहि नीलेंतील प्रवाहाचें असेंच मोजमाप प्रसिद्ध केलें.

पण ली तेथेंच थांबला नाहीं. इ. स. १९८२ मध्यें ऑक्सफर्डच्या संशोधकांनीं असें दाखविलें होतें, कीं प्राणवायु गमावलेलें हिमोग्लोबिन इवल्या चुंबकासारखें वागून भोंवतालच्या पाण्याच्या अणुगर्भांचा ठेका बिघडवितें, त्यामुळें त्यांचा संदेश लवकर विझतो. संदेश किती वेळांत विझला तें मोजा, रक्तांत प्राणवायु किती तें कळेल. येथें पॉलिंगचें १९३६ चें हिमोग्लोबिन पुन्हां भेटतें. लीच्या गटानें प्रथम कुत्र्यांवर हें मोजमाप पडताळून पाहिलें, आणि इ. स. १९९७ मध्यें माणसांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केला. निरोगी माणूस जेवला, कीं आंतड्याकडे गरजेपेक्षांहि अधिक रक्त धांवतें, म्हणून परतणाऱ्या नीलेंतील प्राणवायु वाढतो. रोगी जेवला, कीं रक्त वाढूं शकत नाहीं. भुकेलें आंतडें आहे त्याच रक्तांतून अधिकाधिक प्राणवायु ओरपून घेतें, आणि नीलेंतील प्राणवायु घटतो. एकाच पेयानें एकाचा आंकडा वर जातो व दुसऱ्याचा खालीं येतो. डन्फीचे सातजण जी हांक मारीत होते ती आंकड्यांत उतरली.

मग ही तपासणी सर्वत्र कां रूढ झाली नाहीं? पहिलें कारण असें, कीं तपासलेले रोगी मोजकेच होते. मोजक्यांवरून जगाची रीत बदलत नाहीं. दुसरें कारण अधिक प्रबळ. याच काळांत क्ष-किरणांचें सी. टी. यंत्र अतिशय वेगवान् झालें. तीव्र प्रकारांत जेथें दर तासाला आंतडें मरत असतें, तेथें पाऊण तास चुंबकाच्या बोगद्यांत निजविणें हा अविचार ठरेल, सी. टी. कांहीं सेकंदांत चित्र देतें व आंतड्याच्या भिंतीचीहि अवस्था सांगतें. तेथें त्याचाच मान पहिला आहे, आणि तो योग्य आहे. जुनाट प्रकारांतहि सी. टी. आणि ध्वनिलहरींची डॉप्लर तपासणी सहज मिळतात. परंतु सोय पाहतां पाहतां मूळ प्रश्न मागें पडला, असें माझें मत आहे. अहवालांत रोहिणी इतके टक्के अरुंद असें छापून येतें. जेवणानंतर काय होतें तें कोणी पाहिलेलें नसतें. मग कोठें चाऱ्यांवर सुखानें जगणाऱ्या माणसाच्या रोहिणींत जाळी बसते, आणि कोठें खऱ्या उपाशी माणसाला आम्लपित्ताच्या गोळ्या मिळतात.

अलीकडे या प्रश्नाकडे पुन्हां लक्ष वळलें आहे. प्रवाहाचें मापन आतां एकाच छेदांत न करतां सबंध पोटांत, तिन्ही दिशांनीं व हृदयाच्या प्रत्येक ठोक्यांतील कालक्रमानें एकदम करतां येतें. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनीं इ. स. २०२२ मध्यें या रोगाची शंका असलेल्या माणसांत, जेवणापूर्वीं व जेवणानंतर, असें मापन केल्याचें प्रसिद्ध केलें. माणूस उपाशी पोटीं येतो. अंगावरील धातूच्या वस्तू काढून ठेवतो. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या हजारों पट प्रबळ अशा चुंबकांत निजतो. पहिलें मापन होतें. मग त्याला बाहेर काढून पेय देतात, थोडा वेळ जाऊं देतात, आणि तो पुन्हां आंत जातो. ज्या घोटाच्या धास्तीनें तो महिनेनमहिने अर्धपोटीं राहिला, तोच घोट येथें त्याच्या बाजूचा साक्षीदार म्हणून मोजला जातो.